गाडी बोटीवर, तारीख हवेत

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमची वाहन पुरवणी मी जाहिरातींसकट वाचतो. इलेक्ट्रिक गाडीची रेंज किती, शून्यावरून शंभरला किती सेकंदात जाते, सनरूफ आहे का, सगळं असतं त्यात, फक्त पैसे भरल्यावर ती दारात कधी येते तेवढं नसतं. तुम्ही म्हणाल कंपनीला विचारा. विचारलं ना!

माझी लेक आणि जावई मेलबर्नला असतात, त्यांनी युरोपात बनलेली ई-गाडी बुक केली (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच कशाला). सेल्समन म्हणाला दोनेक महिने धरून चाला, त्या भरवशावर यांनी जुनी पेट्रोलची गाडी विकली, गॅरेजच्या भिंतीवर चार्जर बसवून घेतला, आता त्या चार्जरच्या हुकाला नातवाचं सायकलचं हेल्मेट लटकतंय आणि ॲपवर नुसतं 'वाटेत आहे'. कुठल्या वाटेत ते विचारायचं नाही.

शेवटी मीच कोथरूडमध्ये बसून जहाजं दाखवणाऱ्या वेबसाइटवर बोट शोधली, रिटायर माणसाला वेळच वेळ. तेव्हा कळलं की या गाड्या रो-रो बोटीवर चढवतात, म्हणजे ड्रायव्हर एकेक चालवत आत नेऊन लावतो, एका बोटीवर हजारोंनी. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलॅक्सी लीडर' पळवली, ती अशीच गाड्यांची बोट होती आणि आपल्या गुजरातच्या पिपावाव बंदराकडेच निघाली होती, तेव्हापासून बऱ्याच बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागल्या, म्हणजे जादा दिवस तिथेच गेले.

आणि पोचली तरी सुटका नाही. ऑस्ट्रेलियावाले बाहेरचा किडा-माती देशात घेत नाहीत. तपकिरी रंगाचा एक घाण वास मारणारा ढेकण्या आहे, थंडीत आडोसा शोधत गाड्यांच्या फटीत जाऊन बसतो, म्हणून सप्टेंबर ते एप्रिल जादा तपासणी. 2018 ला न्यूझीलंडने याच किड्यापायी जपानहून आलेल्या गाड्यांच्या बोटी परत पाठवल्या होत्या, आणि 2023 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात नव्या गाड्यांमध्ये बिया नि चिखल सापडला म्हणून बोटी बंदराबाहेर ताटकळल्या, हजारो गाड्या अडकल्या. नव्या कोऱ्या गाडीत चिखल कुठून येतो? तर बोटीवर चढायच्या आधी ती उघड्या मैदानात, गवतात उभी असते. हे सेल्समनला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता जरा तुमच्याबद्दल. पेपरवाल्यांना बोट आठवते ती आग लागल्यावर. जुलै 2023 ला हॉलंडजवळ 'फ्रीमँटल हायवे' ही गाड्यांची बोट पेटली, एक खलाशी गेला, लगेच सगळीकडे 'बॅटरीचा भडका' सुरू. पण नंतर बोट बंदरात आणल्यावर खालच्या डेकवरच्या जवळपास 500 ई-गाड्या बऱ्यापैकी धड दिसल्या, ती बातमी किती जणांनी वाचली? आमच्या सोसायटीत अजून लोक मला सांगतात, काका, मुलीला पेट्रोलचीच घ्यायला सांगा.

वाट बघणं पुणेकरांना नवीन नाही म्हणा. एके काळी बजाजच्या चेतक स्कूटरला लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावलेत, आणि तेव्हा परदेशातल्या कुणी डॉलर भरले की इथे स्कूटर झटकन मिळायची. आता डॉलरवालेच रांगेत. पण तेव्हा निदान आपला नंबर तरी कळायचा, इथे बोट कुठली हेही ग्राहकाला सांगत नाहीत, आणि बुकिंगच्या कागदात बारीक अक्षरात 'तारीख अंदाजे' लिहिलं की झाले मोकळे.

हे फक्त परदेशाचं नाहीये, चाकणला बनलेल्या गाड्यासुद्धा बोटीने बाहेर जातात, आणि ऑगस्ट 2025 मध्ये मारुतीची ई-व्हिटारा पिपावावहून युरोपला रवाना झाली तेव्हा ती इथे विकायलाही नव्हती. म्हणून विनंती एवढीच, पुरवणीत गाडीचा रिव्ह्यू देता तिथे किमतीखाली एक ओळ वाढवा: कुठे बनते, बुकिंगनंतर किती महिने लागतात, तारीख चुकली तर बुकिंगचे पैसे परत मिळतात का. कंपनीने उत्तर दिलं नाही तर 'उत्तर दिलं नाही' असं छापा, तेवढं पुरे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे