सेटातली पेन्सिल

दादर, मुंबई
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुऱ्या,

आजोबांच्या पेनाची पेन्सिल सापडली! म्हणजे त्यांची स्वतःची नव्हे, पण तिची सख्खी बहीण म्हणावी अशी. फोनवर सांगून माझं समाधान झालं नसतं, म्हणून त्याच पेनानं तुला लिहायला बसलोय.

ते पेन तुला आठवत असेल. गिरगावच्या चाळीत आजोबा दर रविवारी खिडकीपाशी बसून ते धुवायचे आणि आपण दोघं वाटीतल्या पाण्यात उतरणारी निळी रेघ बघत बसायचो. पार्कर 51, बरगंडी रंगाचं, स्टीलच्या टोपणाचं. मिलच्या ऑफिसातून निवृत्त होताना त्यांना सेट मिळाला होता, पेन आणि पेन्सिल एकाच डबीत. रोजचा हिशेब आधी पेन्सिलीनं कच्चा मांडायचा, आकडे जुळले की मगच पेनाला हात लावायचा, हा त्यांचा नेम. चाळ सोडताना सामानाच्या गडबडीत पेन्सिल गेली. कुणी फारशी शोधलीही नाही. बहुतेक घरांत असंच झालं असणार. पेनं जपली गेली आणि पेन्सिली पोरांना खेळायला दिल्या. म्हणून आज पेन मिळतं, जोडीची पेन्सिल मिळता मिळत नाही. त्या डबीतली रिकामी खाच मी अकरा वर्षं बघतोय रे.

काल ग्रँट रोडला उतरून चोरबाजारातली मटण स्ट्रीट गाठली. पाऊस नुकताच थांबला होता. नेहमीच्या दुकानदारानं डबाभर पेन्सिली पुढ्यात ओतल्या. त्यातल्या दोन पिवळ्या बल्बखाली अगदी सारख्या दिसत होत्या. दोन्ही घेऊन बाहेर उन्हात आलो. एक कोको निघाली, नुसती चॉकलेटी. दुसरीवर ऊन पडलं आणि कोकमाच्या आगळासारखी लाली वर आली. क्लिपचा बाण तोच, टोपणाचं स्टील तेच, हाताला वजनही ओळखीचं.

पण तिच्यावर नाव कोरलेलं होतं. व्ही. जी. एस., बारीक इंग्रजी अक्षरांत. दुकानदार म्हणाला, "साहेब, बफ मारून देतो, नाव उडून जाईल, नव्यासारखी होईल." मी नको म्हटलं. कुणीतरी ती वर्षानुवर्षं खिशाला लावली असेल, अंगठ्याच्या जागी झिजलीय बघ. ते नाव उडवणारा मी कोण? साडेतीन हजार मोजले आणि तशीच घेऊन आलो.

बफची धास्ती मला उगाच नाही. दोन वर्षांपूर्वी दुसरं एक 51 दुरुस्तीला दिलं होतं. त्या माणसानं ते स्पिरिटात बुडवून ठेवलं आणि बॅरलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या. या पेनांचं अंग ल्युसाइटचं, म्हणजे ॲक्रिलिकचं. कंपनीनं 1939 साली, आपल्या 51व्या वर्षी हे पेन घडवलं म्हणून त्याचं नाव 51, आणि 1941 पासून ते बाजारात आलं. कागदावर टेकताच वाळेल अशी जहाल शाई त्यांना हवी होती. ती साध्या सेल्युलॉइडला खाऊन टाकायची, म्हणून ल्युसाइट निवडलं. निब पुढच्या छोट्या टोपीखाली (टोपण नव्हे, ही बॅरलच्या तोंडाशी असते) दडवली तीही शाई टोकाशी वाळू नये म्हणूनच. त्या टोपीच्या आत कंगव्यासारखे दातरे असतात, जास्तीची शाई त्यात अडकून राहते. एवढ्या विचारानं केलेली वस्तू स्पिरिटात बुडवायची? अजून राग येतो मला. टोपी लाखेनं चिकटवलेली असते, तिला हलकी ऊब दाखवून धीरानं सोडवावी लागते. घाई केली की संपलं.

पेन्सिलीचं काम मी घरीच केलं. वरचं टोपण ओढून काढलं, तर आत खोडरबर, खडा झालेला. नळीत शिशाचा तुकडा अडकला होता, तो सतारीच्या तारेनं हळूहळू ढकलून काढला. 0.9 चं लीड घातलं, दाबलं, आणि टक् आवाज करत टोक बाहेर आलं. बायकोला हाक मारून दाखवलं. मग आजोबांच्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तारीख घातली आणि खाली पेनानं सही केली. आजोबा दांडेकरांच्या शाईशिवाय दुसरी भरत नसत. 1931 साली हॉर्स ब्रँड शाईची पूड आणि वड्या काढणारे ते हेच दांडेकर, पुढे कॅम्लिन झालेले. मीही कॅमलचीच निळी भरली होती.

आता तुझं काम. काकांच्या टेबलाच्या खणात पांढऱ्या ठिपक्याचं शेफर पेन आहे, निबेखालून नळी बाहेर येऊन शाई पिणारं. स्नॉर्केल म्हणतात त्याला, 1952 पासूनचं. त्याची मागची कळ फिरवू नकोस, ओढू तर मुळीच नकोस. आतली रबरं इतक्या वर्षांत कडक झाली असतील. नुसतं मऊ फडक्यात गुंडाळून दिवाळीला येताना घेऊन ये.

आणि खण पूर्ण बाहेर काढून मागे हात घाल. तिथे घरंगळलेली त्या शेफरच्या जोडीची पेन्सिल असू शकते. ती टोपणाच्या रंगावरून ओळखू येईल. सापडली तर पुसूही नकोस, आहे तशी आण.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू