जाळी नाही, नुसता दोरा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाळाच्या हर्नियाचं ऑपरेशन उरकल्यावर कळवलं म्हणून बाबा फोनवर आलेच नाहीत. राग रास्त आहे. पण तुम्ही "थोडा मोठा होऊ दे" म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं, म्हणूनच आधी बोलले नाही.

आई, तू नाणं बांधायला सांगितलंस, पण ते बांधतात बेंबीच्या हर्नियाला. तो बहुतेक मुलांचा आपसूक बसतो, नाण्याशिवायही. हा जांघेतला, आपण अंतर्गळ म्हणतो तो. पोटातलं वृषण खाली उतरतं तेव्हा पोटाच्या अस्तराची एक पिशवी त्याच्याबरोबर खाली येते. तिचं तोंड जन्माच्या सुमारास मिटायला हवं. आपलं बाळ सात आठवडे आधीच आलं, ते राहून गेलं. रडला की उजव्या जांघेत फुगवटा, निजला की गायब. मागच्या सोमवारी मात्र तो आत जाईना. डॉक्टरांनी हलक्या हाताने दाबत बसवला. आतडं तसंच अडकून राहिलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तान्ह्यांमध्ये हा धोका जास्त. त्यानंतर थांबायची माझी छाती नव्हती.

बाबा, तुमच्या हर्नियाला बसवली तशी आधाराची जाळी नाही बसवली. तुमचे स्नायू सैल झाले होते, याचे ठणठणीत आहेत. फक्त पिशवीचं तोंड बांधायचं होतं. बेंबीतून पाच मिलिमीटरची दुर्बीण घातली, पोटात थोडा कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली, मग जांघेवर सुई टोचून दोरा त्या तोंडाभोवती फिरवला आणि बटव्याच्या नाडीसारखा आवळला. गाठ कातडीखाली. पोलंडच्या पाटकोव्स्की यांनी २००६ साली मांडलेली पद्धत. (पाटकर नव्हे, बाबा!) वीर्यनलिका आणि रक्तवाहिन्या तिथेच चिकटून असतात. त्या दोऱ्यात सापडू द्यायच्या नाहीत, कसब सगळं त्यात.

दुर्बिणीतून डावी बाजूही उघडी दिसली, तीही बांधली. उघडी असली म्हणजे हर्निया होतोच असं नाही, आणि जांघेत छेद घेऊन करायची जुनी पद्धतही भरवशाची आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. एकाच भुलीत दोन्ही बाजू बघून होतात, आम्ही एवढाच हिशेब केला.

भुलीआधी चार तास दूध बंद. तो माझा खांदा चोखत होता आणि मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. आई, तेव्हा वाटलं, तुला सांगायला हवं होतं. आधी जन्मलेल्या बाळांचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबू शकतो, म्हणून रात्रभर मॉनिटर लावला होता. मी त्या आकड्यांकडेच बघत बसले.

आता घरी आहोत. दोन्ही जांघांत एकेक ठिपका, डास चावल्यासारखा. मालीशवाल्या मावशींना सुट्टी दिली आहे. आई, गुटीचं सामान पोस्टाने पाठवू नकोस, घेऊनच ये. बाबांना म्हणावं, माझ्याशी बोलू नका हवं तर, पण नातवाला बघायला या.

तुमची,
छोटी