बाटलीतला वास म्हणजे निकाल नव्हे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

फ्लेवर लॅबमधल्या पहिल्याच आठवड्यात फरफ्युरिल मरकॅप्टन या वासाच्या रसायनाच्या बाटलीवर तू 'भयंकर, बाद' असा शेरा मारलास म्हणे. फोनवर मी नुसतीच हसले, म्हणून आता नीट लिहिते.

तो नुसता हुंगला तर जळक्या रबराचा, मळमळावं असा वास येतो. पण कॉफीला कॉफीपण देणाऱ्यांपैकी तोही एक. प्रॉपिलीन ग्लायकॉल या बिनवासाच्या द्रावकात 1 टक्का कर, त्याचा पुन्हा 1 टक्का, असं उतरत जा. पाण्यात तो पीपीबीच्याही खाली, म्हणजे अब्ज भागांत एका भागाहूनही कमी इतका उतरला, की नुकत्याच दळलेल्या कॉफीचा डबा उघडल्यासारखं वाटतं. जरा वाढव, पुन्हा रबर! म्हणून शेऱ्याशेजारी मात्रा हवीच. नाहीतर ती नोंद कुणाच्या काय कामाची?

आणि ब्लॉटरवर, म्हणजे हुंगायच्या कागदी पट्टीवर, थांबू नकोस. आपण खाण्यापिण्याला वास देतो, रुमालाला नाही. साखरेच्या पाण्यात चाख, आइस्क्रीमसाठी हवं असेल तर दुधात. तेलात विरघळणारे घटक दुधातल्या स्निग्धांशात धरले जातात, त्यामुळे पाण्यात ठसठशीत असलेला वास दुधात पार दबतो. घोट घेताना नाक चिमटीत धर. आधी नुसतं गोड लागेल. मग नाक सोड. घशामागून जे वर येतं, त्याची नोंद कर.

पॅनेलवर, म्हणजे सगळ्या मिळून वास-चव तपासता तेव्हा, शेजारणीच्या कागदाकडे बघायचं नाही. डेल्टा-डेकालॅक्टोनला 'क्रीमी' हे छापील उत्तर सगळेच देतात. तुला साय आठवली, कढणारं लोणी आठवलं की ओलं खोबरं, ते लिही. तासाभराने तोच ब्लॉटर परत हुंग, वेगळं वाटलं तर तेही लिही.

आता जरा दटावून सांगते. डायअसिटाइलला लोण्याचा इतका छान वास असतो की बाटलीत नाक खुपसावंसं वाटतं. अमेरिकेत मिसुरीतल्या एका मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुफ्फुसं कायमची निकामी झाल्याचं 2000 साली उघडकीला आलं. तिथल्या बटर फ्लेवरच्या वाफांत हेच होतं. खाण्यात किंचित चालतं म्हणून छातीत भरून घ्यायचं नसतं. ती बाटली वाफा ओढून घेणाऱ्या हूडखालीच उघड, आणि कुणी टेबलावर उघडी ठेवली असेल तर सीनियर असले तरी बंद करायला सांग.

तुझी,
आई