तहसील, महसूल आणि झारेकरीण

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

तुझी अरबीची वही इथेच राहिली. 'हसल : मिळवणे' एवढं लिहून तू पुढे गेलीस, मी तिथेच अडकलो. ३२ वर्षं तहसील कचेरीत काढली, महसुलाच्या थकबाकीच्या याद्या केल्या, आणि हे दोन्ही शब्द ह-स-ल या एकाच धातूचे, हे निवृत्तीनंतर मुलीच्या वहीतून कळावं! (वसूल मात्र यातला नाही. तो व-स-ल, म्हणजे पोचणे. आम्ही आपले महसूल-वसुली एका दमात म्हणायचो.)

पण 'मिळवणे' पुरत नाही गं. कुराणातल्या शब्दांचा जुना कोशकार रागिब इस्फहानी तहसीलचा अर्थ सांगतो तो सालीतून गर काढण्याचा. खाणीच्या दगडातून सोनं काढावं, भुशातून गहू काढावा, तसा. जुन्या कोशांत 'मुहस्सिला' म्हणजे खाणीची माती चाळणारी बाई. आपल्या सराफ गल्लीतली झारेकरीण आठवते? दुकानांपुढची माती झाडून न्यायची, पाटीत पाणी घालून घोळवायची, गाळ हळूहळू सोडून द्यायची आणि तळाचा कण बोटाने टिपायची. तो कण म्हणजे हासिल. बाकी सगळं गेल्यावर उरतं ते. आजी 'त्यात काय हशील?' म्हणायची तेही हेच.

म्हणून तर 'स' दुहेरी नसताना (तुझं 'हसल'; तहसीलचं क्रियापद 'हस्सल') क्रियापद अकर्मक आहे: घडणे, हाती उरणे. घोड्याने माती खाल्ली, ती पोटात साचून दुखायला लागलं, तर त्यालाही याच धातूचं रूप. तिथे कुणी काय मिळवलं? पक्ष्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी, हौसला, तीही कोशकार याच धातूखाली देतात. हिंदीवाल्यांनी तिची हिंमत केली.

कुराणात हा धातू एकदाच येतो, १०० व्या सुरेच्या (अध्यायाच्या) १० व्या आयतीत: 'हुस्सिला'. छातीत दडलेलं बाहेर काढलं जाईल, असा भाव. तिथे तुझं 'मिळवलं जाईल' घालून वाच बघू.

वही उद्या कुरिअरने पाठवतो. खुणा पेन्सिलीने केल्यात, पटल्या नाहीत तर खोडून टाक.

तुझे,
बाबा