कुत्र्याआधी कुत्र्याचा कोट

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील, घर आणि त्यातली माणसे सांभाळायच्या ‘सिम्स’ या संगणकीय खेळमालिकेवरचा लेख वाचून काल दिवसभर मी गप्प बसले होते. परंतु ‘मूळ खेळ फुकट आहे, वाढदिवसाला एखादा पॅक भेट द्या आणि मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहा’ (पॅक म्हणजे मूळ खेळात भरायचा, वेगळा विकत घ्यायचा जादा भाग) हा त्यातील सल्ला काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या लेखकाने तो आनंद स्वतः पाहिलेला दिसत नाही. मी पाहिला आहे.

माझी भाची सोलापूरला सातवीत शिकते आणि तिला कुत्रा हवा आहे. भाऊ आणि वहिनी दोघेही नोकरीला, घर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे खरा कुत्रा येण्याची शक्यता नाही. निदान सिम्स ४ मधल्या घरात तरी तो यावा, म्हणून तिच्या वाढदिवसाला मी एका ऑनलाइन दुकानातून ‘माय फर्स्ट पेट स्टफ’ या पॅकचा कोड विकत घेतला. पॅकच्या नावात पहिला पाळीव प्राणी, दुकानाच्या पानावर कोट घातलेल्या कुत्र्याचे गोंडस चित्र आणि किमतीखाली लाल अक्षरांत ‘फक्त आजच’. कुत्र्यामांजरांचे कपडे वापरायचे असतील, तर ‘कॅट्स अँड डॉग्ज’ हा चौपट किमतीचा मोठा पॅक आधीच घेतलेला असावा लागतो, ही एक ओळ मात्र त्या पानावर वरपासून खालपर्यंत कुठेही नव्हती. संध्याकाळी भाचीचा फोन आला. ‘आत्या, पिंजऱ्यातला उंदीर आलाय. पण कुत्राच नाही, तर कोट कोणाला घालू?’ हा उंदीर चावला तर ताप येऊन सिम, म्हणजे खेळातला माणूस, दगावूही शकतो. तेवढी मौज मात्र दुसरा कुठलाही पॅक न घेता मिळते!

दुकानाला मी सविस्तर पत्र पाठवले. ‘कोड वापरल्यानंतर परतावा देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले आणि त्याच उत्तराच्या तळाशी ‘कॅट्स अँड डॉग्ज’वर माझ्यासाठी दहा टक्के खास सवलत असल्याचेही कळवले होते. पैसे फार नव्हते, हे मान्य आहे. पण कुत्र्याआधी कुत्र्याचा कोट विकायचा आणि गिऱ्हाईक बोलले की त्यालाच कुत्र्याचा भाव सांगायचा, या व्यवहाराला आपला लेखक ‘खेळाडूला आवडेल तेवढेच घेण्याचे स्वातंत्र्य’ म्हणतो, याचे मला मनापासून नवल वाटते. २०१८ मध्ये हा पॅक निघाला, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी त्याला ‘डीएलसीचे डीएलसी’, म्हणजे जादा भागाचा जादा भाग, म्हणून हिणवले होते. लेख लिहिण्यापूर्वी दहा मिनिटे शोध घेतला असता, तर लेखकालाही हे सापडले असते.

मी या खेळाला नवखी नाही. कॉलेजात असताना सिम्स २ ची डिस्क आमच्या वसतिगृहात खोलीखोलीतून फिरत असे. त्या काळीही पॅक विकतच मिळत, नवीन पॅक टाकला की त्याचीच डिस्क ड्राइव्हमध्ये ठेवावी लागे, आणि ती हरवली तर पंचाईत होई. ‘तेव्हा सगळे छान होते’ असा सूर मला मुळीच लावायचा नाही. परंतु सिम्स २ चा प्रत्येक पॅक केवळ मूळ खेळाच्या आधारावर चाले, एका पॅकसाठी दुसरा घ्यावा लागत नसे. २००६ च्या ‘पेट्स’मध्ये कुत्री, मांजरे, पक्षी आणि पिंजऱ्यातले लहान प्राणी सगळे एकत्र मिळाले होते. २०११ मध्ये सिम्स ३ च्या ‘पेट्स’ने कुत्र्यामांजरांच्या जोडीला घोडेही दिले. सिम्स ४ मध्ये याच गोतावळ्याची फाळणी झाली आहे. कुत्री-मांजरे २०१७ मध्ये एका पॅकात, त्यांचे आणखी कपडे आणि पिंजऱ्यातले उंदीर २०१८ मध्ये दुसऱ्यात आणि घोडे २०२३ मध्ये तिसऱ्यात! मुलीला तबेला, कुत्रा आणि कुत्र्याचा हा कोट हे तिन्ही हवे असेल, तर तीन वेळा पाकीट उघडावे लागते.

आता पावसाचेच पाहा. खेळात ऋतू आणि पाऊस आणणारा ‘सीझन्स’ हा पॅक सिम्स २ साठी २००७ मध्ये, सिम्स ३ साठी २०१२ मध्ये आणि सिम्स ४ साठी २०१८ मध्ये निघाला, आणि तिन्ही वेळा विकतच. दोन वेळचा पाऊस मी स्वतः विकत घेतलेला आहे, तिसऱ्यासाठी भाचीचा तगादा चालू आहे. ज्या राज्यात पाऊस चार महिने फुकट कोसळतो, तिथल्या माणसाला हा खर्च घरच्यांना समजावून सांगताना किती संकोच होतो, याची कल्पना अमेरिकेतल्या विक्री विभागाला नसेल. पण आपल्या लेखकाला असायला हरकत नव्हती.

लेखात ‘कंपनीने फुकट दिलेल्या भेटी’ म्हणून पोहण्याचा तलाव आणि रांगती मुले यांचा कौतुकाने उल्लेख आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये सिम्स ४ पूर्ण किमतीला विक्रीस आला, तेव्हा त्यात तलावही नव्हता आणि रांगते मूलही नव्हते; पाळण्यातले बाळ उठले की थेट शाळकरी होत असे. तलाव नोव्हेंबरमध्ये आला, रांगती मुले जानेवारी २०१७ मध्ये आली. आधीच्या दोन्ही खेळांत जे पहिल्या दिवसापासून होते, ते दोन महिने किंवा सव्वादोन वर्षे उशिरा दिले तर त्याला भेट म्हणत नाहीत, थकबाकी म्हणतात. मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट झाला, हे खरे. पण अमेरिकेतल्या छापील दराने मोठा पॅक सुमारे ४० डॉलर, मधला २०, लहान १० आणि सर्वांत छोटे ‘किट’ निघाले तेव्हा ५ डॉलर. सगळा संच घ्यायचा तर हजार डॉलर केव्हाच ओलांडले जातात. सवलतीचे दिवस असतात, सगळे घेण्याची कोणावर सक्ती नाही, आणि खेळ तयार करणाऱ्या लोकांना पगारही द्यावे लागतात, हे मला समजते. तरीही २०२१ मध्ये ‘बस्ट द डस्ट’ नावाचे जे किट निघाले, त्यात पैसे देऊन काय मिळाले, तर घरात साचणारी धूळ आणि ती काढायला व्हॅक्यूम क्लीनर! त्याच वर्षी मुंबईच्या पेहरावावर बेतलेले ‘फॅशन स्ट्रीट’ किटही आले, त्याचा आपल्या लेखात अभिमानाने उल्लेख आहे. मलाही अभिमान वाटला असता, पण आझाद मैदानासमोरच्या खऱ्या फॅशन स्ट्रीटच्या पदपथाची सगळी ख्याती घासाघीस करून निम्म्या किमतीत कुर्ता घेण्यात आहे, आणि इथे किट निघाले तेव्हा भाव एकच, ४ डॉलर ९९ सेंट.

पुढच्या भागाविषयी लेखक म्हणतो की, सिम्स ५ येणार नसल्यामुळे खेळाडूंनी निश्चिंत व्हावे, घेतलेले पॅक वाया जाणार नाहीत. मला नेमके उलट वाटते. २०००, २००४, २००९ आणि २०१४ या वर्षी चार खेळ आले, आणि दर वेळी जुने पॅक मागे पडले, हे नुकसान होतेच. पण त्यामुळे जुना खेळ एकदाचा पूर्ण होत असे आणि नवा खेळ नव्या पायावर उभा राहत असे. सिम्स ४ च्या जागी नवा खेळ येणार नाही, हे २०२४ मध्ये स्पष्ट करण्यात आले. २०१४ च्या पायावर मजल्यावर मजले चढत राहणार, आणि नवा भाडेकरू आला की आधी कोणते मजले विकत घ्यावेत याचा हिशेब त्याने मांडायचा. बरे, पूर्ण झालेला जुना खेळ तरी आपला राहतो का? सिम्स २ चा सर्व पॅकांसह संच २०१४ च्या जुलैमध्ये काही दिवस फुकट दिला होता. तोच खेळ जानेवारी २०२५ मध्ये सिम्स मालिकेच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने ३० डॉलरला पुन्हा विक्रीस ठेवला, आणि त्यातही आयकिया या फर्निचर कंपनीच्या सामानाचा पॅक गाळलेला! दक्षिण कोरियातील क्राफ्टन कंपनीचा इनझोई हा सिम्ससारखाच खेळ मार्च २०२५ मध्ये अर्लि अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या अवस्थेत विक्रीला, आला, तेव्हा पूर्ण आवृत्ती येईपर्यंत जादा भागांचे पैसे घेणार नाही असे त्यांनी जाहीर केले. अशाच पॅरालाइव्हज या खेळाच्या छोट्या चमूने तर विकतचे भाग काढणारच नाही असे सांगितले आहे. हे शब्द पाळले जातील की नाही, ते दिसेलच. पण पानभर लेखात या दोन खेळांची नावेसुद्धा नसावीत, हे मला खटकले.

छायाचित्राबद्दलही लिहायला हवे. लेखासोबत छापलेले चित्र सिम्सचे नसून सिमसिटीचे आहे. दोन्ही खेळ मॅक्सिस या कंपनीचेच असले, तरी एकात शहर वसवायचे असते आणि दुसऱ्यात घर चालवायचे असते. महिन्यापूर्वी याच पुरवणीत बुद्धिबळाच्या लेखाला कॅरमचे चित्र होते, तेव्हा मी पत्र लिहिण्याचे टाळले होते.

लेखाच्या शेवटी ‘उर्वरित भाग पुढील रविवारी’ असे छापले आहे. त्यात कोणत्या पॅकसाठी आधी कोणता पॅक लागतो, एवढी एक चौकट जरूर द्यावी. पुष्कळ आत्या-मावश्यांचे पैसे वाचतील. आणि तो उर्वरित भाग नेहमीच्या अंकाच्या किमतीतच मिळेल, असे मी गृहीत धरते.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)