देवराईतला जीर्णोद्धार

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिंदू धर्माने निसर्गाला देव मानले, हे सांगणारे लेख अधूनमधून वाचनात येतात आणि त्यांतले दाखले खरेही असतात. ईशावास्योपनिषदाचा पहिलाच मंत्र ‘तेन त्यक्तेन भुञ्जीथाः’, म्हणजे त्यागपूर्वकच उपभोग घे, असे बजावतो. देवांनी दिलेले त्यांना न देता एकट्यानेच भोगणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सरळ चोर म्हटले आहे. मात्र ज्या गावांत संस्कृत कोणाला येत नव्हते, तिथे हा उपदेश कसा पाळला गेला, हे सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने, पाहिल्यावर कळते.

देवराईचा मालक देव, गावकरी नुसते राखणदार. कुऱ्हाड चालवायची नाही, कित्येक ठिकाणी वाळून पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, आणि देवळासाठी लाकूड हवेच असेल तर आधी देवाला कौल लावायचा, अशी शिस्त होती. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हा आसपासचे डोंगर बोडके झालेले असतानाही या शिस्तीमुळे टिकलेले रान त्यांना आढळले. (ही शिस्त भक्तीपेक्षा देवाच्या कोपाच्या भीतीवर अधिक चालत असे, आणि काही रायांत बायकांना मज्जाव असे, तेही जपावे, असे माझे म्हणणे नाही.)

आज धोका नास्तिकांपासून नाही, भाविकांपासूनच आहे. माझ्या ओळखीच्या एका देवराईत पूर्वी कौलारू घुमटी होती, तिच्यावर गारंबीची मांडीएवढी जाड वेल झुलत असे आणि पाचोळ्याच्या गादीखालून निघणारा झरा वैशाखातही वाहता असे. वर्गणी जमली, जीर्णोद्धार ठरला, आणि सभामंडपाला जागा हवी म्हणून वेलीसकट चार झाडे गेली. पाचोळा ‘घाण’ ठरवून जाळला आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. यंदा वैशाखात झरा आटला होता. देवाला कौल लावला होता का, असे मी विचारले, तेव्हा ‘हे देवाचेच काम, त्याला कसला कौल?’ असे उत्तर मिळाले.

देवरायांची मालकी कुठे वनखात्याकडे, कुठे महसूल खात्याकडे, तर कुठे देवस्थानाकडे असल्याने तक्रार कोणाकडे करावी हेच गावाला उमगत नाही. जैवविविधता कायदा २००२ मध्ये होऊन प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद झाली आहे. देवराईतल्या कोणत्याही बांधकामाआधी या समितीने तिथली झाडे, वेली आणि पाणी यांची नोंद करून ती ग्रामसभेत वाचून दाखवणे बंधनकारक करावे, अशी माझी शासनाला विनंती आहे. देणगीदारांनीही पैसे देण्याआधी आराखडा मागून पाहावा. वर सांगितलेल्या देवराईत झऱ्याकाठचा जुना बेहडा अद्याप उभा आहे, पण भक्तनिवासासाठी मारलेली चुन्याची रेघ त्याच्या बुंध्याला लागून गेली आहे.

आपला,
एक वाचक