शाळेला दोन तास द्या : गणपतीला गावी येणाऱ्या आणि बारमाही गावात असणाऱ्या सर्वांना विनंती

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याहून गणपतीला येणारी चाकरमानी मंडळी यांना शाळा व्यवस्थापन समितीचा सप्रेम नमस्कार.

देवळाच्या कौलांसाठी पत्रक काढलं तेव्हा मजकूर सोपा होता. खर्च एवढा, घरटी वर्गणी एवढी, पावती घ्यायला विसरू नका. या पत्रकात वर्गणी मागितलेली नाही, म्हणून ते घडी करून खिशात टाकाल. तसं करू नका, पाच मिनिटं काढून वाचा.

आपल्या वाडीची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी. पट ३४. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि तेवढी पदं आपल्याला मंजूरही आहेत. पण दुसरे गुरुजी आंतरजिल्हा बदलीने त्यांच्या गावाकडे गेले आणि ती खुर्ची रिकामी राहिली. त्यांच्यावर आमचा राग नाही. रत्नागिरी जिल्ह्यात परजिल्ह्यातले कितीतरी शिक्षक येतात, वर्षानुवर्षं घरापासून लांब राहतात आणि बदली मिळाली की जातात. गिरगाव-लालबागला राहून गावच्या पावसाची आठवण काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मधे शेजारच्या शाळेतले एक गुरुजी आठवड्यातून दोन दिवस कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, येत होते. मग त्यांच्याच शाळेत माणूस कमी पडला.

राहिल्या एकट्या बाई. त्यांचा दिवस आम्ही समितीच्या लोकांनी आळीपाळीने बसून पाहिला, म्हणून लिहितो. परिपाठ झाला की पहिली-दुसरीला अक्षरं द्यायची. तेवढ्या वेळात तिसरी, चौथी, पाचवी शेजारच्या खोलीत पुस्तकातलं उतरवून काढतात, म्हणजे उतरवतात कमी आणि भांडतात जास्त. तिकडे गेलं की इकडे पहिलीतला एखादा दप्तर उचलून घरच्या वाटेला लागलेला असतो. मधेच पोषण आहाराचे तांदूळ मोजून द्यायचे, चव बघायची, वहीत लिहायचं. मुख्याध्यापकाचा चार्जही त्यांच्याकडेच, त्यामुळे यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती, आधारची दुरुस्ती, केंद्रशाळेतून ‘आजच पाठवा’ म्हणून आलेले तक्ते हे सगळं रेंज मिळेल तिथे उभं राहून. कायद्याने शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शाळेबाहेरची कामं देता येत नाहीत. पण शाळेतल्या कागदांचं काय, ते कायद्यात कुठे आहे? बाई शिक्षण परिषदेला, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीला, गेल्या की त्या दिवशी शाळेत मोठं माणूस म्हणून फक्त स्वयंपाकाच्या मावशी उरतात.

जुलैत समितीतल्या दोन आयांनी तिसरी ते पाचवीच्या २१ मुलांना एकेक करून जवळ बसवलं आणि दुसरीच्या पुस्तकातली छोटी गोष्ट वाचायला दिली. आठ जणांना ती वाचता आली नाही. त्यातला एक मुलगा क, म, ळ तिन्ही अक्षरं बरोबर ओळखतो, पण ‘कमळ’ शब्द दाखवला की आपल्या तोंडाकडे बघत बसतो. गणितात ४२ वजा १७ विचारलं तर निम्म्यांनी उत्तर लिहिलं ३५. चूक कशी झाली ते आयांनीच शोधून काढलं: दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सातातूनच दोन काढले आणि मोकळी झाली. ही मुलं मठ्ठ नाहीत. खाडीवर भरती-ओहोटीचा अंदाज ती आपल्यापेक्षा बरा सांगतात. त्यांच्याशेजारी बसून ‘दहाची जुडी सोड आणि मग मोज’ म्हणायला कुणी नाही, एवढंच.

तर मागणं हे आहे. आठवड्यातले दोन दिवस, दुपारी २ ते ४, चार-पाच मुलांचा एक गट घेऊन बसायचं. इयत्तेप्रमाणे गट नाहीत. ज्यांना अक्षरं येतात त्यांचा एक, शब्द वाचतात त्यांचा दुसरा, परिच्छेदापर्यंत पोचले त्यांचा तिसरा. ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत देशभरातल्या सरकारी शाळांत वापरून दाखवली आहे आणि त्यासाठी डी.एड. लागत नाही. दर वेळी एक गोष्ट मोठ्याने वाचायची, मग मुलांकडून वाचून घ्यायची, तिच्यातले शब्द जमिनीवर खडूने लिहायचे. वजाबाकीला माडाच्या झापाचे हीर तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या की काम भागतं. सुरुवातीला दोन दिवस बाई तुमच्याबरोबर बसून दाखवतील.

गावात डी.एड. होऊन घरी बसलेल्या तिघी सुना आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले दोघे आहेत, कॉलेजला जाणारी मुलं आहेत. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या आज्यांनीही यावं. शेतातली, देवचाराची, जुन्या दुष्काळातली गोष्ट त्यांच्याइतकी रंगवून कुणाला सांगता येणार? मुलं ऐकतील, मग तीच गोष्ट बाई फळ्यावर लिहून घेतील. संगणक येणाऱ्या एखाद्याने शनिवारी बाईंच्या शेजारी बसून ऑनलाइन माहिती भरायला मदत केली, तरी आठवड्याचे तीन-चार तास मुलांच्या वाट्याला परत येतील. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही स्वयंसेवक मागता येतात. मात्र तिथली नोंदणी म्हणजे बाईंच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म, तेव्हा आधी तो भरणारा माणूस द्या.

मुंबईकरांनी काय करायचं? इथे थोडं स्पष्ट बोलतो. मागे एका शहरातून हौशी मंडळी बस करून आली होती. टोप्या वाटल्या, चित्रं काढून घेतली, मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढले आणि संध्याकाळी गेली. पुढचा आठवडाभर मुलं विचारत होती, ते दादा परत कधी येणार. दुसरे एक गृहस्थ तीन आठवडे नेमाने आले, चौथ्यापासून आलेच नाहीत. पहिलीतल्या पोरी पाखाडीकडे बघत दारात उभ्या राहायच्या. त्यांना किती दिवसांसाठी येणार हे आम्हीच आधी विचारलं नव्हतं, ही चूक समितीची. म्हणून आता नाव देताना दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा शब्द द्यायचा. तेवढा जमत नसेल तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर गोष्ट वाचा, शाळेत फोन धरायला आम्ही एक आई बसवतो. तेही नको असेल तर पलीकडच्या वाडीतून येणाऱ्या मुलांचं एसटीचं भाडं उचला. ही रक्कम समितीच्या बँक खात्यातच भरायची आणि पावती घ्यायची, रोख कुणाच्याही हातात देऊ नये, अध्यक्षांच्या तर नकोच. टीव्ही, संगणक कृपा करून देऊ नका. आधीचा एक कपाटावर झाकून ठेवलाय.

काही नियम आहेत आणि ते घरच्या माणसालाही लागू आहेत. पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणल्याशिवाय वर्गात बसता येणार नाही. गट उघड्या दारात किंवा पडवीतच बसेल, एकट्या मुलाला घेऊन कुणी आत बसणार नाही. मारायचं नाही, जातीवरून किंवा घरावरून बोलायचं नाही, मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. ‘मी कोण आहे माहीत नाही का’ असं म्हणणाऱ्यालाही दाखला लागेलच.

ग्रामसभेत एक रास्त प्रश्न आला होता, तो टाळत नाही. फुकट माणसं मिळाली तर सरकार पद भरेल कशाला? म्हणून ठरवलंय की स्वयंसेवकाची सही शिक्षकांच्या हजेरीवर कधीच होणार नाही, त्यांची वही वेगळी. दर महिन्याच्या समिती सभेत रिक्त पदाचा ठराव होतो आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. ती पुढेही जात राहील. सरकारच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीत आपलं पद दिसेपर्यंत आणि दिसल्यावर माणूस हजर होईपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही. पण त्या मुलाला ‘कमळ’ वाचता यायला हवं ते याच वर्षी.

नावं देण्यासाठी गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता शाळेत बैठक आहे. बाई असतील, समितीचे सगळे सदस्य असतील. मुंबई मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी एक तास उशिरा निघालं तरी चालेल अशी गाडी बघावी. त्या दिवशी येता आलं नाही तर कुठल्याही शाळेच्या दिवशी चारनंतर या. पऱ्यावरचा साकव सध्या निसरडा झालाय, देवळाच्या बाजूच्या वाटेने या.

आपले,
अध्यक्ष व सर्व सदस्य
शाळा व्यवस्थापन समिती